कोण बोललं?

मृग लागायच्या आसपास, चिपळूणजवळच्या आमच्या घरी, पहाटे पडवीत बसलं की समोर काही म्हणजे काही दिसायचं नाही. फणस, आंबा, त्यामागे ऐनाची झाडं, आणि सगळ्यावर ओलं धुकं. अण्णा डोळे मिटून बसलेले असायचे. मध्येच बोट वर करून विचारायचे, "कोण बोललं?" माझं उत्तर ठरलेलं असायचं, "बुलबुल." चुकलं तरी ते रागवायचे नाहीत. म्हणायचे, "परत बोलेल. या वेळी शेवट कसा करतो तेवढंच ऐक."

अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पन्नाशीपर्यंत त्यांनी दुर्बीण हातात धरली नव्हती. तरी गावच्या परिसरातले तीस-चाळीस पक्षी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचे. पुढे मी पक्षिनिरीक्षणाच्या नादाला लागले, पुस्तकं घेतली, सह्याद्रीत आणि विदर्भात भटकले, आणि पुन्हा पुन्हा त्यांच्या त्या एका सूचनेपाशी येऊन पोचले. शेवट ऐक.

पावशाचंच बघा. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडावर हा पक्षी दिवसभर ओरडतो, चांदण्या रात्रीही ओरडतो. मराठी शेतकऱ्याला तो "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो. हिंदी मुलखात तोच "पी कहाँ" विचारतो. बंगालीत तो "चोख गेलो" म्हणजे डोळा गेला म्हणून आकांत करतो आणि इंग्रज साहेबाला त्याच्या ओरडण्यात "ब्रेन फीव्हर" ऐकू आला. चार भाषा, चार अर्थ. पण चारही ठिकाणी ठोके मोजा. पेर-ते-व्हा, पी-क-हाँ, चोख-गे-लो, ब्रेन-फी-व्हर. तीनच. शब्द माणसांनी आपापल्या घरचे घातले, ठोके मात्र कोणीही बदलले नाहीत. आवाज लक्षात ठेवायला शब्द लागतोच, आणि तो तुमच्या तोंडचा असेल तर अधिक चांगलं. पण शब्द बसवताना ठोके आणि चढ-उतार हलू द्यायचे नाहीत.

आता शेवट. पावशाचं दर "पेरते व्हा" आधीच्यापेक्षा वरच्या सुरात येतं. पाच-सहा वेळा तो असा चढत जातो, ऐकणाऱ्याचा जीव वर खेचला जातो, आणि अगदी टोकाला पोचल्यावर एकदम तुटतो. मग शांतता. मग पुन्हा खालून सुरुवात. कोकीळही चढत जातो, त्याचंही "कुहू" वाढत वाढत वर जातं, म्हणून नवशिक्याची या दोघांत गल्लत होते. पण कोकिळाचे ठोके दोन, पावशाचे तीन. एवढं एक मोजता आलं की ही गल्लत पुन्हा होत नाही. पाऊसकाळात सह्याद्रीच्या रानात याच कुळातला आणखी एक जण चार सुटे सूर म्हणतो. बंगाल्यांनी त्याचं "बौ कथा कओ" केलं, म्हणजे बायको, बोल ना गं. मोजायला शिकलेल्या कानाला हे तिघं एका सकाळी एकाच दरीत वेगवेगळे ऐकू येतात, आणि तिघांपैकी एकही दिसत नाही. पावशा तर दिसला तरी फसवतो. त्याची पिसं आणि उडण्याची ढब शिक्ऱ्यासारखी असते. लहान पक्षी त्याला शिकारी समजून पळतात. डोळ्यांना शिक्रा वाटणारा हा पक्षी कानाला मात्र कधीच शिक्रा वाटत नाही.

कोकीळ आणि पावशा नवशिक्यांना आधी का साधतात, याला कारण आहे. यांची पिलं दुसऱ्याच्या घरट्यात वाढतात. कोकिळेचं पिल्लू कावळ्याकडे, पावशाचं सातभाईंकडे. पिल्लाच्या कानावर लहानपणभर पडतं ते पालक पक्ष्यांचं बोलणं, तरी मोठा झालेला नर कोकीळ "कुहू"च म्हणतो. कोणी शिकवलं? कोणीच नाही. ते गाणं त्याच्या रक्तात येतं. म्हणून गोव्यातला कोकीळ आणि नागपूरचा कोकीळ यांच्या बोलण्यात आपल्या कानाला फरक जाणवत नाही. आणि हो, गातो तो नर, काळा कुळकुळीत. कोकिळेचा गळा गोड म्हणून शेकडो गाण्यांत जी कौतुकं झाली ती सगळी त्याची आहेत. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि तिचा आवाज "किक्-किक्-किक्" असा घाईघाईचा. तोही ओळखून ठेवावा, कारण तो ऐकू आला की जवळपास कावळ्याचं घरटं असण्याची दाट शक्यता.

दयाळ, शामा, कस्तूर या गाणाऱ्या पक्ष्यांचं तसं नाही. ते गाणं शिकतात. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या युरोपीय पक्ष्याची पिलं इतरांचं गाणं कानावर पडणार नाही अशी वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, गाण्याची लांबीही साधारण बरोबर होती, पण घडण कच्ची, तपशील हरवलेले. गाण्याचा सांगाडा जन्माचा आणि बाकीचं बाप-शेजाऱ्यांकडून ऐकलेलं. त्यामुळे एकाच जातीच्या दोन दयाळांची गाणी एकसारखी नसतात, आणि "दयाळ असा ओरडतो" हे एका वाक्यात सांगता येत नाही. तिथे ओळख पटते ती बोलण्याच्या पद्धतीवरून. आवाजाची जात, स्वच्छ शिट्टीतली सफाई, ओळीनंतर किती थांबतो, तेच पुन्हा म्हणतो की नवं काढतो. घरातल्या माणसाचा खोकला ओळखावा तसं.

गंमत म्हणजे पक्ष्याच्या गाण्याचं सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण आपल्याकडच्या पक्ष्याचं आहे. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलानं एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर घरी पाळलेल्या शामाचं गाणं उतरवून घेतलं. सह्याद्रीच्या दाट जंगलात हाच शामा अजून गातो. तो गायला लागला की मी चालायची थांबते.

पक्ष्याला एवढं काही एका गळ्यातून जमतं कसं? आपलं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असतं. पक्ष्याचं ध्वनियंत्र छातीत, श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे तिचे दोन फाटे होतात तिथे असतं. गाणाऱ्या पक्ष्यांना दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवता येतात, म्हणून एकाच क्षणी दोन सूर काढणं त्यांना शक्य होतं. पावसात ओढ्याकाठी मलबारी कस्तूर शीळ घालतो तेव्हा एखादा मुलगा रमतगमत चाललाय आणि त्याला चाल नीट आठवत नाहीये असं वाटतं. म्हणून तर त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात. धबधब्याच्या गर्जनेत ती शीळ वेगळी राहते, कारण पाण्याचा खळखळाट सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि ही शीळ एका बारीक पट्टीत सगळा जोर लावते.

जागेचा आणि आवाजाचा असा संबंध लक्षात आला की ओळखणं सोपं होतं. दाट झाडोऱ्यात उंच पट्टीचे आवाज पानांवर आपटून विरतात, खर्जातले लांब जातात. भारद्वाजाला कुक्कुडकुंभा, कुंभार कावळा अशीही नावं आहेत. झुडपांच्या पोटात लपून तो "कूप-कूप-कूप" करतो ते रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं असतं, आणि तीन शेतं ओलांडून येतं. कधी लगेच दुसरा आवाज उत्तर देतो, त्याहून खालच्या पट्टीत. ती मादी. भारद्वाजात मादी नरापेक्षा मोठी, आणि तिचा खर्जही अधिक खोल.

आपल्या भाषेनं किती पक्ष्यांची नावं कानानं ठेवली आहेत हे मला फार मोलाचं वाटतं. कावळा, टिटवी, तित्तिर ही तर उघड. टोई पोपट घ्या. साधा पोपट किंचाळतो, टोई मात्र उडताना "टूई?" असं जरा विचारल्यासारखं म्हणते, आणि तेच तिचं नाव झालं. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची अशी कितीतरी नावं गोळा करून 'पक्षिकोशा'त एकत्र आणली. नाव माहीत असणं म्हणजे अर्धी ओळख आधीच हातात असणं.

तांबट तर आवाजाखेरीज कळतच नाही. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठसा. वडाच्या शेंड्यावर बसला की हिरव्यात हिरवा. पण "टुक्-टुक्-टुक्" एकदा सुरू झालं की मिनिटाला शंभराहून अधिक ठोके, लयीत तसूभर फरक नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडी पडते तेव्हाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ओरडताना त्याची चोच बंद असते. गळ्याच्या बाजूची कातडी दर ठोक्याला फुगते आणि बसते. डोकं तो या बाजूला, त्या बाजूला फिरवतो, म्हणून आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि माणूस झाडाखाली गोल फिरत राहतो. अशा वेळी आवाजाच्या मागे धावू नये. जागेवर उभं राहून शेंड्यांवर नजर ठेवावी. थंडीत तो फारसा बोलत नाही. झाड तेच, पक्षी तोच, पण तुम्हाला वाटतं तांबट निघून गेले. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की ठोके पुन्हा सुरू.

हे झालं गाण्याचं, हाकेचं. रोजच्या बोलण्यात याहून बारकावे असतात, आणि ते फार कमी लोक ऐकतात. टिटवी रात्री ओरडली की अपशकुन म्हणतात. टिटवी अंडी घालते उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये. कुत्रा, मुंगूस, माणूस, कोणीही त्या बाजूला फिरकलं की ती आकाशात उठून ओरडत घिरट्या घालते. रात्री टिटवी ओरडली याचा अर्थ माळावर कोणीतरी चालतंय. गुराख्यांना हे नेहमीच माहीत होतं.

पीटर मार्लर या शास्त्रज्ञानं १९५५ मध्ये धोक्याच्या हाकांबद्दल एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. आकाशात ससाणा असेल तर लहान पक्षी अगदी बारीक, उंच पट्टीची, हळू सुरू होऊन हळूच संपणारी शिट्टी देतात. तिचा उगम कुठे आहे हे कानाला सापडत नाही. पण फांदीवर बसलेलं घुबड दिसलं तर तेच पक्षी कर्कश, तुटक, खडखडणारा कल्ला करतात. तो कुठून येतोय हे लगेच समजतं, आणि आजूबाजूचे पक्षी जमून घुबडाला हुसकावतात. वेगवेगळ्या जातींच्या या हाका एकमेकींसारख्या असतात. त्यांवरून कोण बोललं हे कदाचित कळणार नाही, पण कोण आलंय ते कळतं. बुलबुल, सातभाई आणि खारी एका झाडावर एकदम तापल्या की मी त्यांच्याकडे बघत नाही, ते जिकडे तोंड करून बसलेत तिकडे बघते. दहापैकी दहा वेळा काही दिसतंच असं नाही, पण पिंगळा, साप, मांजर, भारद्वाज असं बरंच मला या रस्त्यानं सापडलंय.

फसगत होणाऱ्या काही जोड्या आहेत. खंड्या आणि सोनपाठी सुतार दोघंही खिदळल्यासारखे ओरडतात. पुष्कळ दिवस मला ते एकच वाटायचे. फरक असा की खंड्याचं खिदळणं थरथरत खाली उतरतं. सुताराचं कोरडं, एका दमात, आणि बऱ्याचदा एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना. राखी धनेशाची किंचाळी घारीसारखी असते. भृंगराज आणि कोतवाल तर नकलाच करतात. कोतवाल शिक्ऱ्याचा आवाज हुबेहूब काढतो. नक्कल ओळखायची खूण एकच, थोडं थांबायचं. खरा शिक्रा शिक्ऱ्यासारखाच बोलत राहतो, कोतवाल पुढच्या अर्ध्या मिनिटात स्वतःच्या बोलीवर येतो.

संध्याकाळनंतर मात्र कानाला पर्यायच नाही. रातव्यांच्या जाती बॅटरीच्या उजेडात बघा, सगळे वाळल्या पाचोळ्याचे तुकडे. तज्ज्ञही चुकतात. अंधारात एक जण "चक्... चक्.. चक्-चक्-चकर्र्र" म्हणतो, दगडी फरशीवर गोटी टाकली की ती उसळत उसळत बसते अगदी तसं. तो साधा भारतीय रातवा. पुण्याच्या टेकड्यांवर तो ऐकू येतो. दुसरा उडता उडता एकच चिरका शब्द टाकून जातो. तिसरा जंगलात तेच "चक्-चक्" एका चालीनं करत राहतो, गोटी बसत नाही. पुन्हा शेवटच आला.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे वटवटे ही सगळ्यांत अवघड परीक्षा. बोटभर लांबीचे, हिरवट-मातकट, पानांत सतत हलणारे. त्यांच्यापुढे दुर्बीण हात टेकते. ब्लिथचा वटवट्या झुडपातून दोन दगड ठोकल्यासारखं "चक्" म्हणतो, हिरवट वटवट्या शेंड्यावरून दोन अक्षरी बारीक हाक देतो. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात हाच मार्ग धरला होता. सगळे ज्याला एकच पक्षी समजत होते त्यात त्यांना तीन वेगवेगळी गाणी ऐकू आली. चिफचाफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर अशी आज त्या तीन जातींची नावं आहेत. १७८९ मध्ये छापलेल्या त्यांच्या पुस्तकात हे आहे. डोळ्यांनी एकच ठरवलेलं कानांनी तिघांत वाटून दिलं.

आता हातात फोन आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप २०२१ पासून आवाज ऐकून नावं सुचवतं, आणि झेनो-कँटो या संकेतस्थळावर २००५ पासून जगभरच्या लोकांनी लाखो ध्वनिमुद्रणं जमा केली आहेत. मी दोन्ही वापरते आणि नव्या मुलांना वापरायला सांगते. मर्लिनमधली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पडद्यावर सरकणारं आवाजाचं चित्र, असं माझं मत आहे. पावशाची चढण तिथे जिन्यासारखी दिसते, तांबटाचे ठोके टाक्यांसारखे. पण कोतवालानं शिक्ऱ्याची नक्कल केली की ॲप शिक्रा सांगून मोकळं होतं. नाव सुचलं की आवाजाच्या दिशेनं जावं, पक्षी बोलताना बघावा, त्याची चोच हलताना आणि आवाज येताना एकदम दिसलं की तो आवाज आयुष्यभर विसरत नाही. नुसतं नाव वाचून पुढे गेलं तर संध्याकाळपर्यंत विसरतं.

आणि एक विनंती आहे, अगदी मनापासून. रेकॉर्डिंग लावून पक्ष्याला बोलावू नका. जूनमध्ये नवरंग आपल्याकडे विणीला येतो, पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची शिट्टी घालतो. फोनवर तीच शिट्टी वाजली की आपल्या हद्दीत परका नर शिरला असं त्याला वाटतं. तो चारा सोडून, घरटं सोडून, त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. आपल्याला एक फोटो मिळतो, त्याची एक सकाळ जाते, आणि त्याच जागी दिवसभरात आणखी दहा जण येणार असतात.

काही आवाज मात्र एकदा ऐकून ठेवलेले बरे, कारण कानही म्हातारे होतात. वय वाढलं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. अण्णांना आधी फुलटोचा ऐकू येईनासा झाला, मग शिंजीर. त्यांचा फार लाडका तिबोटी खंड्या, जो पावसाळ्यात ओढ्यावरून बारीक तीक्ष्ण शिट्टी मारत तीरासारखा जातो, तोही गेला. "यंदा आला नाही वाटतं," ते म्हणाले. तो तेव्हाच ओढ्यावरून गेला होता. मी काही बोलले नाही.

भारद्वाज मात्र शेवटपर्यंत होता. पिंगळेही होते. आणि त्यावरून मला रान पिंगळ्याची आठवण येते.

१८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. पुढे ११३ वर्षं हा पक्षी कोणी पाहिला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांनी गुजरातमध्ये मिळाला म्हणून दाखवलेला एक नमुना होता, पण तो डेव्हिडसनचाच चोरून नव्यानं भरलेला निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या चिठ्ठ्यांवरची गावं शोधत शहाद्याजवळच्या रानात पोचले आणि त्यांना तो दिसला, चक्क दिवसाउजेडी. सात मेलेल्या नमुन्यांवरून पिसांचा रंग, चोचीची जाडी, पायांवरची पिसं सगळं माहीत होतं. त्याचा आवाज मात्र पुस्तकांतून मिळण्यासारखा नव्हता. पेंढा भरलेल्या पक्ष्याला आवाज नसतो.

रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी तो आवाज रानात बसून मुद्रित केला, आणि १९९९ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. नेहमीचा पिंगळा चिरचिरत भांडतो. रान पिंगळ्याची मुख्य हाक छोटी, मऊ, थोडी चढून उतरणारी. आवाज माहीत झाल्यावर शोध सोपा झाला. मेळघाटात तो सापडला, पुढे २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही.

ते ध्वनिमुद्रण मी एका दुपारी पडवीत अण्णांना फोनवर ऐकवलं. कोकणातल्या आमच्या गावात रान पिंगळा नाही, त्यामुळे कुणाला त्रास व्हायचा प्रश्न नव्हता. फोन त्यांनी कानाला लावला, डोळे मिटले. हाक संपली.

"पिंगळा नाही हा," ते म्हणाले. "परत लाव. शेवट ऐकायचाय."